आधी चाक, मग नट

उत्तर न दिलेलं पत्र घरात असलं, की ते मुक्कामी पाहुण्यासारखं वागू लागतं. सुरुवातीला ते टेबलावर ऐटीत बसतं. मग एखाद्या पुस्तकात खुणेला जातं, मग त्या पुस्तकासकट कपाटात. पण जिथे जाईल तिथून आपल्याकडे बघत राहतं. पैलवानाचं पत्र भाऊंच्या घरात असंच फिरत होतं. भाऊ शब्दकोश काढायला जायचे आणि हाताला पत्र लागायचं. मग ते शब्दकोश न उघडताच ठेवून द्यायचे आणि ज्या शब्दाचा अर्थ पाहायचा होता त्याच्यावाचून दिवस काढायचे.

भाऊंची सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला एक रोग जडतो. चूक कुठेही दडून बसलेली असू शकते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि मग स्वतःचं नाव सांगतानाही तो किंचित थबकतो. भाऊ दाराला कुलूप लावून जिना उतरत आणि पुन्हा चढून कुलूप ओढून बघत. वाटेत कुणी 'काय भाऊ, बरं आहे ना?' असं विचारलं, तर उत्तराआधी ते क्षणभर विचारात पडत, कारण 'बरं आहे' हे विधान संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याची त्यांना खात्री नसे.

पैलवान हा त्याच छापखान्यातला, मशीनवरचा माणूस. पैलवान हे नाव पडलं तेव्हा तो काडीसारखा होता, पण पुढे नावाला जागला. सुटीच्या दिवशी भाऊंच्या स्कूटरवरून दोघं शहराबाहेरच्या तळ्यावर जात. भाऊ तिथे पुस्तक वाचत आणि पैलवान पाण्यात पाय सोडून त्यांना वाचू न देण्याचं काम करी. एकदा वाटेत पंक्चर होऊन चाक बसलं, तेव्हा पैलवानाने ते बदललं होतं. भाऊ शेजारी उभं राहून स्कूटरसोबत मिळालेली माहितीपुस्तिका मोठ्याने वाचून दाखवत होते. पैलवानाचं काम त्यांच्या वाचनाच्या दोन पानं पुढे होतं.

आता पैलवान दुसऱ्या गावी मुलाकडे राहत होता. त्याने लिहिलं होतं :

'गुडघ्यांनी राजीनामा दिला. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. दोघं मला गाडीत घालून डॉक्टरकडे नेतात आणि परत आणून जागच्या जागी ठेवतात. अरे, पार्सलसुद्धा कधीतरी चुकून वेगळ्या पत्त्यावर जातं. इथेही एक तळं आहे म्हणतात. तू स्कूटर घेऊन ये. मी मागे एका बाजूने पाय सोडून बसेन, बायका बसतात तसा. तसं बसायला गुडघे फारसे लागत नाहीत. बसने आलास तर दारातून परत पाठवीन. आणि हो, चाक बदलायला शिकलास, की अजून बाजूला उभा राहून पुस्तकच वाचतोस?'

पत्र वाचून भाऊंना जावंसं वाटलं. इतकं जावंसं वाटलं, की त्यांनी घाईने ते बायकोला दाखवलं. ही चूक त्यांच्या नेहमीच्या चुकांपेक्षा वेगळी होती, कारण ती त्यांनी उत्साहाच्या भरात केली.

"जा की," बायको म्हणाली. "माझी काही ना नाही. फक्त एक सांगा. अर्ध्या दिवसाचा रस्ता. मध्ये ना दुकान ना घर. तिथे चाक बसलं तर काय कराल?"

"पुस्तिकेत सगळं दिलेलं आहे."

"पुस्तिका चाक बदलते का?"

भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"एकट्याने चाक बदलून दाखवा आणि खुशाल जा. मी स्वतः डबा बांधून देईन. नाहीतर त्याला कळवून टाका सरळ. बिचारा वाट बघत बसला असेल."

यात अन्याय कुठे होता ते भाऊंनी बरंच शोधलं. सापडला नाही. मग त्यांनी नकार लिहायला घेतला.

नकार लिहिणं सोपं असतं हा गैरसमज आहे. पहिला मसुदा फार कोरडा झाला. दुसरा इतका ओला झाला की त्यात येतो की येत नाही हेच कळेना. तिसऱ्यात रस्त्यांच्या अवस्थेवर दीड पान खर्ची पडलं. असं करत ऋतू बदलले. शेवटी चांगलं चार पानी पत्र तयार झालं आणि त्याच्या मध्यावर ते वाक्य येऊन बसलं : 'मला चाक बदलता येत नाही, आणि या वयात येण्याची शक्यता नाही.' भाऊंनी ते शेवटच्या प्रुफासारखं वाचलं. वाक्यात चूक नव्हती. नाइलाज झाला.

त्या दिवशी दुपारी ते पत्र खिशात, वाचनालयात परत करायचा एक जाडजूड ग्रंथ पिशवीत आणि छत्री पायाशी अशा थाटात ते पोस्टाकडे निघाले. पाणीपुरवठा कार्यालयासमोर स्कूटर अचानक डावीकडे झुकायला लागली. भाऊंना आधी वाटलं, आपणच झुकतोय. स्वतःवर संशय घेणं हा त्यांचा पहिला उपाय असे. त्यांनी अंग सावरलं, तरी स्कूटर ऐकेना. मग खाली उतरून बघितलं. पुढचं चाक रस्त्यावर पसरलं होतं, जेवणानंतर आडवं व्हावं तसं.

पंक्चरचं दुकान पुढच्याच कोपऱ्यावर होतं. त्याची पाटी इथून वाचता येत होती. शहाण्या माणसाने स्कूटर ढकलत नेली असती. भाऊंनीही हँडल धरलं आणि दोन पावलं ढकललीसुद्धा. तेवढ्यात खिशातलं पत्र त्यांना टोचलं.

'मला चाक बदलता येत नाही.' हे आपल्याला कसं माहीत? भाऊ थांबले. आपण कधी बदलून पाहिलंय का? एखाद्या लेखकाने असं बिनपुराव्याचं विधान केलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह टाकून प्रुफ परत पाठवलं असतं. आणि हेच वाक्य आपण पाकिटात घालून, चिकटवून, पैलवानासारख्या माणसाला पाठवतोय. चूक असेल तर ती छापून आल्यासारखीच की.

भाऊंनी स्कूटर मागे घेतली, रस्त्याच्या कडेला उभी केली आणि डिकी उघडली.

डिकीत पाना होता, फडकं होतं आणि माहितीपुस्तिका होती. स्टेपनीत हवाही होती. पुस्तिकेत 'जादा चाकातील हवा नियमितपणे तपासावी' असं लिहिलं होतं आणि भाऊ ते वर्षानुवर्षं इमानाने पाळत आले होते. कधीही न वापरलेल्या चाकात दर महिन्याला हवा भरून घेणारा माणूस, म्हणून ते पंपावर प्रसिद्ध होते.

पुस्तिकेबद्दल मात्र जरा सांगायला हवं. ती इतकी गचाळ छापलेली होती की स्कूटर घरी आल्याच्या दिवशीच भाऊंनी लाल शाईचं पेन घेऊन ती तपासून काढली होती. खाडाखोड झाली, समास भरले आणि दुरुस्त्यांची एक यादी कंपनीलाही रवाना झाली. त्या यादीला उत्तर आलं नाही, पण उत्तर लिहिण्यातला त्रास भाऊ समजू शकत होते. चाक बदलण्याच्या पानावर तर त्यांनी एक मोठीच दुरुस्ती केली होती. मुळात छापलं होतं, 'चाक जमिनीवर टेकलेले असताना नट सैल करावेत, नंतर चाक उचलावे.' हे वाचून भाऊंना हसू आलं होतं. चाकावर गाडीचा सगळा भार असताना नट सैल करायचे? खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून वाक्यं उलटसुलट झाली असणार. त्यांनी क्रम बदलण्याची ती सुबक नागमोडी खूण करून आधीचं मागे आणि मागचं आधी केलं होतं.

तेव्हा आता पुस्तिकेप्रमाणे, म्हणजे भाऊंप्रमाणे, आधी चाक उचलायचं होतं.

स्टँडवर लावलं तरी पुढचं चाक जमिनीला टेकलेलंच राहत होतं. खाली काहीतरी द्यायला हवं. कार्यालयाच्या फाटकाशी फुलझाडांच्या वाफ्याला तिरप्या विटांचं कुंपण होतं आणि त्यातली एक वीट सुटलेली होती. भाऊ ती उचलायला वाकले.

"वीट कार्यालयाची आहे," मागून पहारेकरी म्हणाला.

"चाक बदललं की परत ठेवतो."

"परत ठेवायची असेल तर आत विचारून या. मी बघायच्या आधी नेली असती तर प्रश्न नव्हता. आता मी बघितलंय."

हा मुद्दा बिनतोड होता. भाऊ आत गेले. खिडकीमागच्या लेखनिक बाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"वीट आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या.

"बाहेर आहे. मी आत्ताच पाहिली."

"बाहेर आहे, पण आमच्याकडे नाही. फुलझाडं उद्यान विभागाची. विटा बांधकामच्या. आमच्याकडे फक्त पाणी." मग बाईंना भाऊंची दया आली असावी. "पाणी चालेल का?"

भाऊ म्हणाले, पाण्यावर स्कूटर उभी राहणार नाही.

"मग बांधकामच्या साहेबांना भेटा. पण ते पाहणीला गेलेत. वीट किती वेळासाठी पाहिजे?"

"तेच सांगता येत नाही."

"तेच तर ते विचारतील," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

बाहेर येईपर्यंत स्कूटरशेजारी एक हातगाडी उभी होती. भंगारवाला स्कूटरभोवती फिरून तिला पुढून, मागून, वाकून बघत होता.

"काका, देणार का?"

"नाही. चाक बदलायचंय."

"बदलून मग देणार?"

"देणारच नाही."

"बरं," असं म्हणून तो हातगाडीच्या कडेला टेकला. त्याच्या बसण्यात घाई नव्हती. ज्याने अशा पुष्कळ स्कूटरी पाहिल्या आहेत आणि पुष्कळ 'देणारच नाही' ऐकली आहेत, तसा तो बसला.

आणि आता साहेब आले. साहेब म्हणजे भाऊंच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना कुठलीही गोष्ट येत नसे, पण कुठल्याही गोष्टीबद्दल सांगता येत असे. दुपारी जेवण झालं की ते फेरफटका मारायला निघत आणि कुणाला अडचणीत पाहिल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नसे.

"पंक्चर?" साहेब म्हणाले.

"हो."

"मग दुकानात का नेत नाही? समोर तर आहे."

"दिसतंय मला. पण वाटेत नसेल."

साहेबांनी वाटेकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं आणि भाऊंकडे पाहिलं. मग त्यांनी थोडं बाजूला जाऊन फोन लावला. "वहिनी, घाबरू नका, पण तुम्ही जरा येता का इकडे? नाही, पडलेबिडले नाहीत. बोलतायत जरा असंबद्ध."

फोन ठेवून ते नव्या दमाने परतले. पुढचं चाक उचलायचं आहे हे कळताच त्यांनी सांगितलं, "सोपं आहे. मागे वजन टाका, पुढचं आपोआप उचललं जाईल. थांबा, मीच बसतो." आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसलेदेखील. साहेबांचं वजन कार्यालयातही पडायचं, इथेही पडलं. पुढचं चाक ऐटीत वर आलं. साहेब मांडीवर हात ठेवून, छायाचित्राला बसावं तसे समोर बघत राहिले.

भाऊंनी पाना हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"साहेब, उतरा."

"का?"

"वाटेत तुम्हीही नसाल."

"अहो, कुठल्या वाटेत?" साहेब म्हणाले. पण ते उतरले. पुढचं चाक सुस्कारा टाकून खाली बसलं.

भाऊ विचार करू लागले. निर्जन रस्त्यावर वीट असेल-नसेल. साहेब नसतील, हा त्या रस्त्याचा मोठाच फायदा. मग आपल्याजवळ हमखास काय असेल? त्यांची नजर पिशवीवर गेली. पुस्तकाशिवाय भाऊ आयुष्यात कधी घराबाहेर पडले नव्हते.

पिशवीतला ग्रंथ एका विस्मृत लेखकाच्या समग्र वाङ्मयाचा होता. उंबऱ्याइतका जाड, पुठ्ठ्याला कापड. वाचनालयात तो भाऊंशिवाय कुणी नेत नसे आणि भाऊही दया म्हणून नेत. पुस्तकाचं पान दुमडलं तरी जो ते नखाने सरळ करत बसे, त्या माणसाने ते पुस्तक फडक्यात गुंडाळलं, त्याची मनात क्षमा मागितली आणि जमिनीवर ठेवलं. मग मागच्या सीटवर पोटावर पडून सगळा भार टाकला. भार असा काही नव्हताच, पण चाक बोटभर उचललं गेलं. त्याच अवस्थेत त्यांनी छत्री लांब करून ग्रंथ पुढच्या बाजूला, पाय ठेवायच्या पत्र्याखाली ढकलायला सुरुवात केली.

एक वयस्क, अबोल गृहस्थ स्कूटरवर आडवा पडलाय, पाय हवेत आहेत, आणि छत्रीने तो समग्र वाङ्मय ढोसतोय, हे दृश्य पाहायला माणसं थांबली यात त्यांचा काही दोष नव्हता. पहारेकरी फाटक सोडून आला. लेखनिक बाई खिडकीतून डोकावल्या. भाऊंना सगळे दिसत होते, उलटे. शरमेने त्यांचे कान तापले. आयुष्यात ते चारचौघांत शिंकलेसुद्धा नव्हते. पण छत्री त्यांनी सोडली नाही. ग्रंथ आत सरकला, भाऊ खाली उतरले आणि चाक अधांतरी राहिलं. इतक्या वर्षांत त्या लेखकाने प्रथमच काहीतरी पेललं होतं.

त्यांनी विजयी मुद्रेने पहिल्या नटाला पाना लावला आणि फिरवला. नट फिरला, पण त्याच्याबरोबर चाकही फिरलं. पुन्हा फिरवला. पुन्हा दोघंही फिरले. नट, चाक आणि पाना यांची छान मैत्री जमली होती आणि तिघं मिळून भाऊंना गोल गोल खेळवत होते.

"ब्रेक दाबा," साहेब म्हणाले.

भाऊंनी एका हाताने पाना धरला आणि दुसऱ्या हाताने हँडल गाठायचा प्रयत्न केला. ब्रेक सापडला, पण पुढचा ब्रेक त्यांनी भीतीपोटी कधी वापरलाच नव्हता, आणि तोही आपलं काम विसरून गेला होता.

"काका, आता देणार का?" भंगारवाल्याने विचारलं.

भाऊ जमिनीवर बसले आणि त्यांनी पुस्तिका पुन्हा उघडली. लाल नागमोडी खुणेखालची मूळची अक्षरं त्यांनी सावकाश वाचली. चाक जमिनीवर टेकलेलं असताना नट सैल करावेत. टेकलेलं असताना, म्हणजे ते फिरणार नाही म्हणून. चूक पुस्तिकेची नव्हती. सगळं आयुष्य ज्याने दुसऱ्यांचं शुद्ध केलं, त्याने एक शुद्ध वाक्य अशुद्ध करून वर कंपनीला कळवलंही होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीतली माणसं ती यादी वाचून पोट धरून हसताना उभी राहिली.

इतर कुठल्याही दिवशी भाऊ इथे उठले असते, हात झटकले असते आणि स्कूटर त्या हातगाडीवर चढवून घरी गेले असते. पण चूक सापडल्यावर उठून जायचं नसतं, ती दुरुस्त करायची असते, ही एवढी एकच गोष्ट त्यांना नक्की येत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं. मूळ वाक्याखाली टिंबं टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'मूळचंच ठेवावं.' मग छत्री उलटी धरून मुठीने ग्रंथ बाहेर ओढला.

"काढलं? आत्ताच तर घातलं होतं," साहेब म्हणाले.

"आधी नट, मग चाक."

"मग मघाशी?"

"मघाशी चुकलं."

हे शब्द साहेबांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्याही तोंडून ऐकले नसावेत.

चाक खाली टेकलं. नट मात्र गंजून बसले होते. भाऊंनी जोर लावला, मग पाय लावला, आणि शेवटी पान्यावर उभं राहून हळूच उडी मारली. नट करकरला. असा आवाज भाऊंनी आजवर कशातूनही काढला नव्हता, आणि तो त्यांना फार आवडला. दुसऱ्या नटावर त्यांनी न विचारता दोन उड्या मारल्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत त्यांची बायको आली. भाऊ पान्यावर उभे होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि सदऱ्याला ग्रीस लागलं होतं.

"वहिनी, तुम्हीच सांगा आता," साहेब म्हणाले. "दुकान समोर आहे, मी स्वतः ढकलायला तयार आहे, पण हे ऐकत नाहीत. व्हा हो भाऊ बाजूला, मी बघतो."

बायकोने भाऊंकडे पाहिलं, बसलेल्या चाकाकडे पाहिलं आणि त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाकडे पाहिलं. तिला जे कळायचं ते कळलं.

"साहेब, मागे या," ती म्हणाली.

"अहो, पण त्यांना जमणार नाही."

"नाही जमलं तर नाही जमलं. करू द्या त्यांना." मग भाऊंना म्हणाली, "मी आलेली नाही असं समजा. वाटेत मी नसेन."

आणि ती पलीकडच्या पायरीवर, हातातली पिशवी मांडीवर घेऊन जाऊन बसली.

नट सैल झाले. भाऊंनी पुन्हा सीटवर पालथं पडून, छत्री लांबवून ग्रंथ आत ढकलला. दुसऱ्या खेपेला माणसं हसली नाहीत. कुणीतरी 'जरा डावीकडे' म्हणालं आणि पहारेकऱ्याने त्याला गप्प केलं. चाक उचललं गेलं. पहिला नट निघाला, आणि त्यांच्या बोटांतून सुटून टुणटुणत गेला.

सगळे शोधू लागले. साहेबांनी शोधमोहिमेची सूत्रं हाती घेतली. पहारेकऱ्याला गटाराकडे पाठवलं, भंगारवाल्याला हातगाडीखाली वाकवलं आणि स्वतः जागचे न हलता बोटाने दिशा दाखवत राहिले. बराच वेळ गेला. भाऊ रस्त्यावर रांगत रांगत शेवटी साहेबांच्या बुटापाशी आले आणि वर बघून म्हणाले, "साहेब, पाय."

नट साहेबांच्या पायाखाली होता.

आता उरलेले नट कशात ठेवायचे? रुमाल नव्हता, फडकं ग्रंथाला होतं. भाऊंनी खिशातून पाकीट काढलं, ज्याच्यावर पैलवानाचा पत्ता मोत्यासारख्या अक्षरात लिहिला होता आणि जे चिकटवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. ते त्यांनी वरून फाडलं. काळा, तेलकट नट आत टाकला. मग दुसरा. चार पानी नकार आत चुरगळत होता तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पायरीवर बसलेल्या बायकोने मात्र पाहिलं.

चाक काही निघेना. भाऊंनी त्याला बुटाने एक लाथ घातली, आणि 'माफ करा' म्हणाले. ते निघालं. स्टेपनी चढवायला गेले तर भोकं जुळेनात. एक जुळलं की बाकीची हुकत. भाऊ चाकासमोर मांडी घालून बसले आणि घट्ट जुळवलेला मजकूर ओळीत बसवावा तसं ते केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले. हे काम मात्र ते जन्मभर करत आले होते. खट् करून चाक जागेवर बसलं. पाकिटातून एकेक नट काढून त्यांनी हाताने फिरवला, ग्रंथ बाहेर ओढला, चाक टेकल्यावर सगळे नट पान्याने पुन्हा आवळले आणि पुस्तिकेतलं पान शेवटपर्यंत वाचून काढलं. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'काम पूर्ण झाले.' कंपनीने हे कशाला छापलं असेल, असं त्यांना पुस्तिका तपासताना वाटलं होतं आणि त्यांनी ते वाक्य अनावश्यक म्हणून खोडलं होतं. त्याच्याखालीही त्यांनी टिंबं दिली.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. लेखनिक बाई खिडकीतून म्हणाल्या, "बांधकामचे साहेब आलेत, वीट पाहिजे का?" भाऊंनी नको म्हणून सांगितलं. भंगारवाला उठला, बसलेल्या चाकाकडे बघून म्हणाला, "एवढं तरी?" आणि भाऊंनी मान हलवल्यावर हातगाडी ढकलत निघून गेला. साहेब म्हणाले, "मी सांगितलंच होतं, मागे वजन टाका म्हणून."

बायको जवळ आली. भाऊंच्या हातात पाकीट होतं. त्यांनी आतली पानं बाहेर काढली. ग्रीसमधून अक्षरं अजून दिसत होती. 'मला चाक बदलता येत नाही,' तिने वाचलं.

"अक्षर सुंदर होतं," ती म्हणाली.

"वाक्य चुकीचं निघालं," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी त्या पानांना हात पुसले. चार पानं होती म्हणून बरं, हात फार काळे झाले होते.

"चला, पोस्ट बंद होईल."

"तू घरी जा. मी येतो जाऊन."

"मी मागे बसते," बायको म्हणाली. "त्याला बसवायच्या आधी चाक घट्ट बसलंय का ते कळायला नको? तो माझ्या दुप्पट आहे."

ती एका बाजूने पाय सोडून बसली. भाऊंनी स्कूटर सुरू केली, थोडं पुढे जाऊन थांबवली, उतरून नट आवळलेले आहेत ना ते पाहिलं आणि पुन्हा निघाले. हे त्यांनी आणखी एकदाच केलं.

पोस्टातल्या माणसाने खिडकीची झडप अर्धी ओढली होती. भाऊंचे हात बघून त्याने पोस्टकार्ड अगदी कडेला धरून पुढे केलं. बाकावर बसून भाऊंनी पेन काढलं. मसुदा केला नाही. लिहिलं :

'येतो. चाक बदलता येतं. तळ्यावर जाऊ. तू मागे पाय सोडून बसायची तयारी ठेव, आणि वाटेत चाक बसलंच तर पुस्तक तू वाचायचं.'

त्यांनी ते एकदा वाचलं. मग सवयीने पुन्हा वाचू लागले, तेव्हा बायकोने कार्डावर बोट ठेवलं.

"खाली लिहा, डबा मी देणार आहे."

भाऊंनी तेही लिहिलं. कार्ड उचललं तर सहीच्या जागी त्यांच्या अंगठ्याचा काळाभोर ठसा उठला होता, रेघ न् रेघ स्पष्ट. डाग पडला म्हणून भाऊंनी आजवर किती कागद फाडले होते त्याची गणती नव्हती. ते कार्डाकडे बघत राहिले.

मग ते उठले, पेटीपाशी गेले आणि त्यांनी कार्ड आत टाकलं. ते तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला. भाऊ दोन पावलं चालले, थांबले, आणि परत फिरून पेटीच्या फटीत वाकून बघितलं.

"गेलं?" बायकोने विचारलं.

"गेलं," भाऊ म्हणाले.